पोटाशी पाणी

“ताई, पाय तिथंच ठेवा. हलू नका.”

माळावर मला सोबत करणाऱ्या आबांचा मागून आलेला आवाज इतका करडा होता की मला वाटलं, पुढ्यात फुरसं आहे. मार्चच्या उन्हात मुरमाड माळावर ही शंका पहिली येते. फुरसं नव्हतं. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर तीन अंडी होती. मातकट, फिक्कट, त्यांवर तपकिरी-जांभळट शिंतोडे. कोंबडीच्या अंड्याला एक टोक निमुळतं असतं, तसं या अंड्यांना नव्हतं. दोन्ही टोकं सारखीच गोल. घरटं म्हणावं असं काहीच नाही. जनावराच्या खुरानं पडावी एवढी खळगी आणि कडेला दोन-चार काड्या, त्याही बहुधा वाऱ्यानं आलेल्या.

“पखुर्डीची हायती,” आबा म्हणाले, आणि काठीच्या टोकानं दहा पावलांवरचा मुरूम दाखवला. “अन् ती बघा आई.”

मी बघत राहिले. मुरूम, सुकलेली कुसळी, शेणाचा वाळका पो, पुन्हा मुरूम. मग त्या मुरमाच्या एका तुकड्यानं डोळा मिटला आणि उघडला, तेव्हा मला मादी दिसली. ती तिथून हलली नव्हती. आम्ही मागं सरकून बऱ्याच अंतरावर बसलो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ती पुन्हा अंड्यांवर येऊन बसली.

ही जागा इंदापूर तालुक्यातली. सातबाऱ्यावर तिची नोंद ‘पोटखराबा’ अशी आहे, म्हणजे लागवडीला नालायक. पुढची अकरा वर्षं मी अशाच पोटखराब्यांतून हिंडले. बारामती-दौंडचे माळ, सोलापूरचं नान्नज, कर्जतजवळचं रेहेकुरी, आणि हिवाळ्यात सवड काढून थरचं वाळवंट. जे पाहिलं ते या पुस्तकात आहे. पण पुस्तकात शिरण्याआधी ज्या पक्ष्यासाठी हा उद्योग केला त्याची नीट ओळख व्हायला हवी. मोर, माळढोक, धनेश यांची नावं घेतली की वाचकाच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहतं. पखुर्डी म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढं काहीच येत नाही.

पखुर्डी पारव्यापेक्षा थोडी लहान, वजनानं दोनशे ग्रॅमच्या आसपास. पाय फार आखूड. चालते तेव्हा ते दिसतच नाहीत, कुणी दोरीनं ओढत नेतंय असं वाटतं. उडते तेव्हा मात्र सगळा नूर पालटतो. पंख लांब आणि टोकदार, शेपटीतून बाहेर आलेली दोन सुईसारखी पिसं, वेग असा की दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत थवा पलीकडच्या बांधावर गेलेला असतो. नर वाळूच्या रंगाचा, गळ्यापाशी पिवळट, छातीवर एक बारीक काळी रेघ आणि पोट जळक्या चॉकलेटी रंगाचं. मादी सगळी ठिपक्यांची आणि बारीक रेघांची, मुरमातून काढून मुरमातच ठेवल्यासारखी. डच पक्षितज्ज्ञ टेमिंक यांनी १८२५ मध्ये या जातीला ‘टेरोक्लीस एक्झुस्टस’ असं नाव दिलं. एक्झुस्टस म्हणजे होरपळलेला. पिसांच्या रंगासाठी दिलेलं नाव असेल, पण मे महिन्यात दुपारी एक वाजता अंड्यांवर बसलेली मादी ज्यानं पाहिली आहे त्याला ते नाव नुसतं रंगाचं वाटणार नाही.

ही तित्तिर नव्हे. हिंदीत तिला भट तीतर म्हणतात आणि इंग्रजीतही एका कोंबडीवर्गीय पक्ष्याचं नाव तिच्या गळ्यात पडलं, कारण तिच्या पायांवर पिसं असतात. लिनियसनंही तिच्या भाईबंदांना त्याच गटात बसवलं होतं. पुढं कुणी तिला कबुतरांत टाकलं, कुणी टिटव्यांजवळ नेऊन बसवलं. पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तिचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले मादागास्करच्या जंगलात जमिनीवर हिंडणारे मेसाइट पक्षी. कबुतरं त्या दोघांची चुलत भावंडं. जगात पखुर्डीच्या १६ जाती आहेत. त्यांतल्या १४ टेरोक्लीस या प्रजातीतल्या, आणि उरलेल्या दोन मध्य आशियाच्या थंड पठारांवरच्या. सगळ्यांचा मुलूख जुन्या जगातला आणि उघडा: स्पेनचे कोरडे माळ, सहारा, कालाहारी, अरबस्तान, थर, लडाख. आपली पखुर्डी आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगलपासून थेट दख्खनच्या पठारापर्यंत आढळते. मॉरिटानियातला उंटवाला आणि माणदेशातला धनगर ज्या मोजक्या गोष्टी सारख्याच पाहतात, त्यांत हिचा सकाळचा थवा एक आहे.

दख्खन वाळवंट नाही, हे मान्य. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत पाचशे-सहाशे पडतो. पण तो तीन-चार महिन्यांत पडून संपतो, आणि फेब्रुवारीनंतर माळाचा रंग वाळवंटाचाच असतो. पखुर्डी त्या रंगाची आहे. तिचं सगळं शरीरच या कोरडेपणासाठी घडलेलं. अंगावरच्या पिसांखाली दाट मऊ लव, जी दुपारची धग बाहेर ठेवते आणि डिसेंबरच्या पहाटेची थंडीही. नाकपुड्यांवर बारीक पिसांचा पडदा, वाळू आत जाऊ नये म्हणून.

आणि तरीही या पक्ष्याला रोज पाणी लागतं. त्याचं कारण त्याच्या खाण्यात आहे. पखुर्डी बी खाते. माळावरच्या रानटी शेंगवर्गीय झुडपांचं आणि वेलींचं, राईपेक्षाही बारीक, खडखडीत वाळलेलं बी. धाविक किंवा माळटिटवी किडे खातात, त्या किड्यांत थोडाफार ओलावा असतो. पखुर्डीच्या वाट्याला तोही नाही. किडामुंगी ती क्वचितच टिपते. बी जिथं असतं तिथं पाणी नसतं. पाणी जिथं असतं तिथं खोकड, कोल्हा, मुंगूस, घोरपड, ससाणा असे सगळेच येतात, म्हणून तिथं अंडी घालून चालत नाही. तेव्हा राहायचं कोरड्यात आणि प्यायला रोज उडून जायचं, कधी दोन कोस, कधी वाळवंटात वीस-तीस किलोमीटर. तिचा सगळा जीवनक्रम या एका अंतरावर बेतलेला आहे. या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण मी कुठूनही सुरू केलं तरी शेवटी मला त्या अंतराशी यावं लागलं.

पाण्यावर येण्याची त्यांची वेळ ठरलेली. ऊन थोडं वर आलं की, आठ ते दहाच्या दरम्यान, आधी आवाज येतो: कुट्-रो, कुट्-रो, उंचावरून, अजून पक्षी दिसत नसतात तेव्हाच. मग पाच, मग बारा, मग चाळीस. थवा तलावावर एक-दोन घिरट्या घालतो आणि पाण्यापासून लांब, उघड्या जमिनीवर उतरतो. तिथं सगळ्या जणी थांबतात. माना वर करून बघतात. झुडूप असलेला काठ त्या टाळतात, कारण झुडपामागं काय दडलंय ते कळत नाही. मग एक पुढं सरकते, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता सगळी रांग काठाला लागते. पिणं काही सेकंदांत उरकतं. चोच पाण्यात, घोट ओढायचा, मान वर करून गिळायचा, पुन्हा चोच पाण्यात. पखुर्डी कबुतरासारखी मान न उचलता एका दमात पाणी ओढते, असं कितीतरी वर्षं पुस्तकांत लिहिलं जात होतं. कालाहारी आणि नामिबमधल्या अभ्यासकांनी १९६६ मध्ये नीट निरीक्षणं करून ते खोडून काढलं. काठावर तासभर बसलेल्या कुणालाही ते दिसलं असतं, पण बघण्याआधी वाचलेलं असलं की डोळे वाचलेलंच बघतात. माझ्याही पहिल्या वर्षाच्या वहीत ‘कबुतरासारखं पाणी पिते’ असं लिहिलेलं आहे.

आता नराच्या पोटाकडं येते. याच गोष्टीसाठी मी या पक्ष्याच्या मागं लागले.

पखुर्डीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर अंग सुकताच चालू लागतात आणि पहिल्या दिवसापासून आपलं बी आपणच टिपतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. पण उडता येत नाही तोवर पाण्यापर्यंत जाणार कोण? एडमंड मीड-वाल्डो या इंग्रज पक्षिपालकानं आपल्या पिंजऱ्यात पखुर्ड्यांची पिल्लं वाढवली होती. त्यानं १८९६ मध्ये लिहिलं की, नर आधी जमिनीवर पोट जोरजोरानं घासतो, मग पाण्यात उतरून पोटाची पिसं भिजवतो आणि पिल्लांपाशी जातो. पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून ती पिसं चोखतात. अनेक जाणत्या पक्षितज्ज्ञांना हे पटलं नाही. पिंजऱ्यात दिसलेलं रानात कशावरून घडत असेल, उडताना पाणी वाळून जाणार नाही का, अशा शंका होत्या. सत्तर वर्षं हा वाद रेंगाळला. शेवटी टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन या दोघांनी कालाहारीतल्या नामाक्वा पखुर्डीचा अभ्यास करून १९६७ मध्ये तो निकालात काढला. मीड-वाल्डोनं लिहिलं होतं तसंच रानातही घडत होतं.

त्यांनी पिसांचं वजन केलं, भिजवून पुन्हा केलं. नराच्या पोटाचं पीस स्वतःच्या वजनाच्या पंधरा ते वीस पट पाणी धरतं. तेवढ्याच वजनाच्या स्पंजालाही ते जमत नाही. एक नर सुमारे २५ मिलिलिटर पाणी उचलून नेऊ शकतो, म्हणजे दोन मोठे चमचे भरून. वाटेत काही गळतं, काही वाऱ्यानं वाळतं, आणि तरी पिल्लांना पुरेल इतकं उरतं. २०२३ मध्ये योखेन म्युलर आणि लॉर्ना गिब्सन यांनी याच पिसाच्या अंतरंगाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची आणि त्रिमिती क्ष-किरण चित्रं घेऊन त्याची रचना तपशिलानं मांडली.

मला मात्र ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं. एका एप्रिलमध्ये तलावाच्या काठी नराच्या पोटाचं एक गळलेलं पीस सापडलं, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं. जागीच दगडावर बसून त्याच्याकडं भिंगातून बघितलं. कोरडं होतं तोवर ते इतर पिसांसारखंच सपाट आणि गुळगुळीत होतं. मग ड्रॉपरनं एक थेंब टाकला. साध्या पिसावरून थेंब घरंगळतो. इथं तो आत गेला. पिसाच्या आतल्या भागातले केसाहून बारीक तंतू गुंडाळलेले असतात. ते उलगडले आणि उभे राहिले, आणि त्या सपाट पिसाची क्षणात लव झाली, जवळपास मिलिमीटरभर खोल. पाणी त्या उभ्या तंतूंमध्ये अडकून बसलं. मी पीस उलटं धरलं, हळूच झटकलं. थेंब पडला नाही. चोचीसारखं दोन नखांत धरून वरून खाली ओढलं, तेव्हा नखांवर पाणी आलं. पिल्लं हेच करतात. उन्हात ठेवल्यावर थोड्या वेळानं तंतू पुन्हा गुंडाळले गेले आणि पीस होतं तसं झालं. मी हे त्या दिवशी चार वेळा केलं.

रानात हे सगळं मला धड एकदाच पाहायला मिळालं, तेही लांबून. नर पाण्यात पोटापर्यंत उतरला आणि कडेनं अंग डोलवू लागला, गिळत नव्हता, नुसता भिजत होता. बाकीचा थवा पिऊन उडाला तरी हा पाण्यातच. ससाण्यासाठी यापेक्षा सोपी शिकार नाही, आणि तो तिथं मिनिटांमागून मिनिटं उभा. मग जड अंगानं उडाला. आबांना घरट्याचा अंदाज होता, म्हणून आम्ही आधीच त्या बाजूच्या तालीआड बसलो होतो. नर उतरला, ताठ उभा राहिला, पोटाची पिसं फुलवली, आणि जिथं काहीच नव्हतं तिथून दोन पिल्लं धावत आली. तिसरं कुठं गेलं होतं ते कळलं नाही. ती बापाच्या पोटाखाली माना वर करून पीत राहिली, जागा बदलून पुन्हा पीत राहिली. ती बाजूला झाल्यावर नर थोडा पुढं गेला आणि मातीत पोट घासून कोरडं करू लागला. आबा हळूच म्हणाले, “बाप हाय.” पुढं ते काही बोलले नाहीत.

ज्या पाण्यासाठी हा पक्षी एवढं करतो, त्याच पाण्यावर माणसानं त्याला गाठलं. हिवाळ्यात मध्य आशियातून काळ्या पोटाच्या मोठ्या पखुर्ड्या राजस्थानात येतात. बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या काळात गजनेरच्या तलावावर त्यांच्या शिकारीचे जंगी बेत होत, आणि व्हाइसरॉय, राजघराण्यातले पाहुणे त्यासाठी मुद्दाम येत. बंदुका काठावर असत आणि थवे ठरल्या वेळी पाण्यावर येत. तहान टाळता येत नसल्यानं ते येतच राहत. आज तिथल्या राजवाड्यात हॉटेल आहे.

पखुर्डीच्या भटकंतीचा एक विलक्षण किस्सा थोडक्यात सांगते, कारण पुस्तकात त्याला जागा मिळाली नाही. मंगोलियाच्या गवताळ पठारांवरची पल्लासची पखुर्डी एरवी तिथंच राहते. पण १८६३ मध्ये आणि पुन्हा १८८८ मध्ये तिचे थवेच्या थवे युरोप ओलांडून थेट ब्रिटनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचले. काहींनी तिथं पिल्लंही काढली. १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेनं केवळ या पाहुण्यांच्या रक्षणासाठी एक स्वतंत्र कायदा केला. पक्षी मात्र टिकले नाहीत. उलट आपली पखुर्डी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं शिकारीचा पक्षी म्हणून हवाई बेटांवर नेऊन सोडली, आणि तिथल्या मोठ्या बेटाच्या कोरड्या भागात ती आजही आहे.

आमच्या माळावर बंदुकीची भीती आता फारशी उरलेली नाही. आता अडचण पाण्याच्या काठाची आणि माळाची आहे. मी ज्या पाझर तलावाबद्दल लिहिते तो बाहत्तरच्या दुष्काळात खोदलेला. आबा तेव्हा पोरसवदा होते. आईबरोबर त्यांनी त्या कामावर पाट्या वाहिल्या आणि सुकडी खाल्ली. माणसांच्या पोटासाठी झालेलं ते काम, पण त्याचा काठ उतरता, उघडा, मुरमाचा झाला आणि पखुर्डीला नेमका तसाच काठ हवा असतो. अलीकडं गावोगाव प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी झाली. शेतकऱ्याला ती हवीतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या भिंती उभ्या आणि निसरड्या असतात. एका शेततळ्यावर थवा तीनदा घिरट्या घालून, न उतरता निघून गेलेला मी पाहिला आहे. एका कोपऱ्यात चार घमेली मुरूम टाकून उतार केला तर काय होतं, तो प्रयोग आणि त्याची दोन वर्षांची टिपणं पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहेत.

माळाचं दुखणं त्याहून मोठं. सातबाऱ्यावरच्या त्या एका शब्दानं सगळ्यांना मोकळीक मिळते. कुणी चांगल्या मनानं तिथं झाडं लावतं, कुणी चर खणतं, कुणी सौर पॅनेल उभी करतं, कुणी प्लॉट पाडतं. झाडं लावणाऱ्यांशी माझे फार वाद झाले, कारण त्यांची तळमळ खरी असते. पण गवताळ माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. तो असाच जन्मतो आणि असाच जगतो. पखुर्डी, धाविक, चंडोल, चिंकारा, लांडगा हे सगळे त्या उघडेपणावर जगतात. ओळीनं लावलेल्या गिरिपुष्पाच्या सावलीत पखुर्डी अंडी घालत नाही. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं. त्या पक्ष्याचं आता तिथं दर्शनही दुर्मीळ झालं आहे. पखुर्डी अजून आहे, आणि ‘अजून आहे’ हे शब्द लिहिताना मला धसका वाटतो.

शेवटी वाचकाला एक विनंती. हे पुस्तक घरात वाचून मिटू नका, एकदा पाण्यावर जाऊन बसा. फेब्रुवारी ते मे, सकाळी आठच्या आत. काठापासून निदान शंभर पावलं लांब, तालीला किंवा बाभळीला पाठ टेकून, मातकट कपड्यांत. घरट्याच्या शोधात माळ तुडवू नका. पाय कुठं पडतो ते कळत नाही, हे मी पहिल्याच ओळीत सांगितलं आहे. थवा पिऊन गेल्यावरच उठा.

आणि जमलं तर संध्याकाळीही थांबा. आपल्याकडं दुसरीही एक पखुर्डी आहे, रंगीत पखुर्डी. दगडाळ टेकड्यांवर जोडीजोडीनं राहणारी, नराची चोच नारिंगी, कपाळावर काळे-पांढरे पट्टे. तिची पाण्याची वेळ दिवस बुडाल्यावरची. मेंढ्या वाड्याकडं गेलेल्या असतात, रातवा बोलायला लागलेला असतो, आणि काठावरचे दगड नि पाणी एकाच रंगाचे झालेले असतात. उतरताना ती दिसत नाही. दुर्बिणीचा आता उपयोग नसतो. फक्त काठाजवळच्या पाण्यावर दोन बारीक वलयं उठतात, शेजारी शेजारी, आणि रुंदावत जातात.